समुद्राकडे पाठ करून

दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या नीसमध्ये उतरलेला माणूस पहिलं जेवण बहुधा समुद्राकडे तोंड करून जेवतो. त्यात त्याची चूक काही नाही. प्रोमनाद दे झांग्ले हा सात किलोमीटरचा किनारी रस्ता, खाली वाळूऐवजी गुळगुळीत गोटे, पलीकडे तो प्रसिद्ध निळा रंग. अशा ठिकाणी पांढरं कापड घातलेलं रिकामं टेबल दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. मग हातात सहा भाषांतलं मेनूकार्ड येतं. पाएल्ला, पिझ्झा, बर्गर, शिंपल्यांची बादली आणि फ्रेंच फ्राइज. पाएल्ला स्पेनचा, पिझ्झा नेपल्सचा, शिंपले-फ्राइज बेल्जियमचे. नीसचं असं त्या कार्डावर फार तर एक सॅलड असतं, आणि तेही बहुतेक वेळा चुकीचं. बिलात मात्र निळ्या रंगाचे पैसे धरलेले असतात.

या गावाचं स्वतःचं खाणं किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे पावलं आत, जुन्या नीसच्या बोळांत आहे, आणि ते श्रीमंतांचं खाणं नाही. नीस फ्रान्समध्ये आलं ते 1860 साली. त्याआधीची काही शतकं ते साव्हॉय या राजघराण्याकडे होतं, जे पुढे इटलीच्या गादीवर बसलं. इटली एक करणारा गॅरिबाल्डी 1807 मध्ये जन्मला तो याच गावात. त्यामुळे इथली चूल पॅरिसपेक्षा इटलीतल्या जेनोआला जवळची. लोणी-साय कमी, ऑलिव्हचं तेल जास्त. काबुली चण्याचं पीठ, कांदे, चार्डची पालेभाजी, खारवलेली अँचोव्ही ही छोटी मासळी, टोमॅटो, तुळशीच्या जातीतली बेझिल. कोळी, हमाल आणि डोंगरउतारावरचे शेतकरी जे खात होते तेच आज इथलं मानाचं खाणं आहे. हॉटेलांची झगमग नंतर आली. हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रज आणि रशियन श्रीमंतांसोबत.

सुरुवात सोकापासून करावी.

सोका म्हणजे चण्याच्या पिठाचं भलंमोठं, पातळ धिरडं, पण तव्यावरचं नव्हे, भट्टीतलं. कल्हई केलेली तांब्याची गोल परात, व्यास हात-दीड हात, तळाला ऑलिव्ह तेल, त्यावर ताकासारखं वाहतं पीठ. लाकडावर तापलेल्या भट्टीत ती परात जाते आणि काही मिनिटांत बाहेर येते तेव्हा पृष्ठभागावर फोड आलेले असतात, काही काळे, काही सोनेरी. कडा कुरकुरीत, पोट मऊ, जवळजवळ खरवसासारखं लवलवीत. विकणारा सुरीने कापत नाही, खरवडतो. कागदात किंवा बशीत ओबडधोबड तुकडे येतात. वर भरपूर मिरपूड घालायची आणि हाताने खायचं. काटा-चमचा मागणारा परका लगेच ओळखू येतो.

हे तीन-चार ठिकाणी खावं आणि तुलना करावी. बंदराच्या बाजूला रू बाव्हास्त्रोवर 'शे पिपो' आहे, 1923 पासूनचं. इथे बसायला जागा आहे, आणि भट्टी तिथेच असल्यामुळे सोका सर्वांत गरम मिळतो. 'रने सोका' जुन्या गावाच्या टोकाला आहे. तिथली पद्धत नवख्याला गोंधळात टाकते. खाण्यासाठी खिडकीपुढे रांग लावून आपणच ताट घ्यायचं, पेय मात्र टेबलावर येणाऱ्या वेटरकडून मागवायचं. खाणं घेऊन बसलात आणि पेय मागवलं नाहीत तर वेटरचा चेहरा बदलतो. 'लू पिला लेव्हा'चं नावच स्थानिक बोलीत 'उचल आणि चालू लाग' अशा अर्थाचं आहे. आणि कूर सालेयाच्या बाजारात 'शे तेरेझा'चा ठेला असतो. भट्टी आतल्या बोळात, ठेला बाजारात, आणि परात दुचाकीला जोडलेल्या गाडीवरून येते. परात येताना दिसली की मगच रांगेत उभं राहावं. आधीच्या परातीचा उरलेला तुकडा घेतला तर पंधरा मिनिटांत त्याचं चामडं झालेलं असतं. सोकाबद्दल निराश होऊन परतणारे बहुतेक लोक हा गार तुकडाच खाऊन आलेले असतात.

मराठी माणसाला हे घरी करून पाहायचा मोह होणारच, आणि करता येतं. अडीचशे ग्रॅम पीठ, अर्धा लिटर पाणी, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा मीठ. गुठळ्या मोडून किमान दोन तास झाकून ठेवायचं आणि वर आलेला फेस काढून टाकायचा. ओव्हन असेल तेवढा तापवायचा, जाड बुडाचा लोखंडी तवा रिकामाच आत ठेवून तोही तापवायचा, मग त्यात तेल आणि वर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर. शेवटची दोन मिनिटं ओव्हनची वरची ग्रिल लावून डाग आणायचे. बिघडतं ते तीन ठिकाणी. थर जाड झाला की आत पिठल्याच्या वडीसारखं राहतं. तवा थंड असला की तळ चिकटतो. पीठ भिजलं नाही तर कच्चट वास जात नाही. आपलं बेसन साल काढलेल्या हरभरा डाळीचं आणि बारीक दळलेलं असतं, तिकडचं पीठ काबुली चण्याचं. त्यामुळे चव थोडी वेगळी लागते, बेसनाची जरा उग्र. त्यात ओवा-हळद घालायचा हात आवरावा, नाहीतर ते धिरडंच होतं. चांगलं लागेल, पण सोका नव्हे.

कूर सालेयाचा उल्लेख आलाच आहे तर घड्याळाचं बोलून घेऊ, कारण या किनाऱ्यावर जेवण फसतं ते पैशांपेक्षा वेळेमुळे.

बाजार मंगळवार ते रविवार, आणि फक्त सकाळी. सोमवारी तिथे भाजी नसते, जुन्या वस्तूंचा बाजार असतो. नऊच्या सुमाराला गेलं की डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांची छोटी टेबलं दिसतात. फुलासकट कोवळ्या कुर्जेत (म्हणजे झुकिनी), मुठीएवढी जांभळी आर्टिचोक, पालकाच्या चुलत बहिणीसारखी चार्ड. दुपारी दीडच्या आसपास सगळं आवरलं जातं, फरशी पाण्याने धुतली जाते आणि त्याच जागेवर हॉटेलांची टेबलं पसरतात. सकाळी जिथे सर्वांत ताजं होतं तिथे संध्याकाळी सर्वांत शिळं मिळू शकतं. या चौकात जेवू नये असं नाही, पण तिथे रात्री बसण्याचं कारण चौक असावा, ताट नव्हे.

दुपारचं स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि दोनला बंद होतं. अडीचला भूक लागली तर चांगल्या ठिकाणी नम्रपणे 'नाही' ऐकावं लागेल. रात्री सात-साडेसातच्या आधी कोणी वाढत नाही. स्थानिक लोक आठनंतर येतात. पाटीवर 'सर्व्हिस काँतिन्यू' म्हणजे दिवसभर अखंड सेवा असं लिहिलेलं असलं तर ती सोय पर्यटकांसाठी आहे असं समजावं. रविवार रात्र आणि सोमवार हे अवघड दिवस, कारण बरीचशी छोटी घरगुती ठिकाणं तेव्हा बंद असतात. आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये नीस बहुतेकदा एका रात्रीचं असतं, आणि ती रात्र रविवारची निघाली तर यादीतली निम्मी नावं खोडावी लागतात. निघण्याआधी वार बघावा.

आता त्या सॅलडबद्दल. सालाद निसवाझवरून नीसमध्ये भांडणं होतात, आणि ती गंमत म्हणून होत नाहीत. जुन्या मताप्रमाणे त्यात उकडलेल्या अंड्याशिवाय शिजवलेलं काहीही चालत नाही. टोमॅटो, कांद्याची पात, मुळे, हिरवी ढोबळी मिरची, कोवळा बाकला, आर्टिचोक, बेझिल, इथली बारीक काळी काइयेत ऑलिव्ह, आणि अँचोव्ही किंवा ट्यूना. बटाटा नाही, फरसबी नाही. नीसचे एकेकाळचे महापौर झाक मेदसँ यांनी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी बटाट्याविरुद्ध अगदी हात जोडून विनवणी केली होती. पुढे भ्रष्टाचाराच्या खटल्यांत हे गृहस्थ तुरुंगात गेले, पण सॅलडच्या बाबतीत त्यांचा शब्द अजून चालतो. बटाटा-फरसबी घालण्याचा दोष दिला जातो तो ओग्युस्त एस्कोफियेला. तो महान बल्लवाचार्य 1846 साली जन्मला नीसजवळच्या व्हिलनव्ह-लूबेमध्ये, म्हणजे घरचाच भेदी. मेनूत सॅलडखाली बटाटा किंवा भात दिसला तर बाकीचं ताटही परगावच्या कल्पनेतून आलेलं असण्याची शक्यता मोठी. भात घातलेली ठिकाणं आहेत, आणि समुद्रालगतच आहेत.

हेच सॅलड गोल पावात भरलं की पाँ बान्या होतं. नावाचा अर्थ 'भिजलेला पाव'. पाव आडवा कापायचा, थोडा मऊ गाभा काढायचा, आतून लसूण घासायची, तेल सढळ हाताने ओतायचं, भाज्या-अंडं-मासा रचायचा आणि दाबून ठेवायचा. टोमॅटोचं पाणी आणि तेल पावात मुरलं पाहिजे. म्हणून काचेच्या कपाटातला कोरडा, ताठ पाँ बान्या घेऊ नये. उचलल्यावर जड लागतो आणि कागदाला तेलाचा डाग पडलेला असतो तो खरा. मेयोनीज दिसलं तर पुढच्या दुकानात जावं.

पिसालादिएर म्हणजे पावाच्या पिठावर कांद्याचा जाड थर. कांदा लाल करायचा नाही. झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास घामेजत ठेवायचा, पार मुरंबा होईपर्यंत. पिवळट, गोड, वितळलेला कांदा आणि वर खारट अँचोव्ही. घाई केलेल्या पिसालादिएरमध्ये कांदा तपकिरी असतो आणि दाताखाली येतो. त्यावर टोमॅटो नसतो. नावातला 'पिसाला' म्हणजे खारवलेला मासा, त्यामुळे वर मासा दिसत नसला तरी कांद्यात तो मिसळलेला असू शकतो.

इथे शाकाहारी माणसाने थांबून वाचावं. 'भाजीचं' दिसणारं इथे बरेचदा भाजीचं नसतं. पती फार्सी, म्हणजे भरलेल्या टोमॅटो-वांगी-कुर्जेतच्या छोट्या वाट्या, मांस भरून केलेल्या असतात. नीसची रॅव्हिओली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, चार्डसोबत 'दोब' भरून करतात, आणि दोब हा वाइनमध्ये तासन् तास शिजवलेला गोमांसाचा रस्सा आहे. तोच रस्सा ग्नोकीवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या छोट्या गोळ्यांवर, ओतला जातो. हिरव्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न सांगता येतात. मग उरतं काय? बरंच उरतं. सोका शंभर टक्के निर्धोक. पानिस, म्हणजे त्याच पिठाच्या शिजवून थापलेल्या वड्या तळलेल्या. कुर्जेतच्या फुलांची भजी, ही मात्र वसंतापासून शरदापर्यंतच. रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटो-कुर्जेतची मिश्र भाजी. तूर्त द ब्लेत, चार्डचा 'पाय' (इंग्रजीतला pie), आणि तोही गोड: पालेभाजीत बेदाणे, चिलगोजे, सफरचंद, वरून पिठीसाखर. ऐकायला विचित्र वाटतं, पण पहिल्या घासानंतर शंका राहत नाही. चार्ड आणि बटाट्याच्या लांबट हिरवी ग्नोकीही मागवून बघा. तिचं स्थानिक नाव 'मेर्दा दे कान' आहे आणि त्याचा अर्थ कुत्र्याची विष्ठा असा होतो. आकारावरून पडलेलं नाव. नीसची माणसं ते मेनूवर बिनदिक्कत लिहितात. ग्नोकी आणि पास्त्यावर 'ओ पिस्तू', म्हणजे बेझिल-लसूण-तेलाची चटणी मागावी. वाक्य एकच पाठ करावं: 'झ न मांज नी व्ह्यांद नी प्वासों', मी मांस खात नाही आणि मासाही नाही. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर अँचोव्ही ताटात येण्याचा संभव राहतो, कारण ती तिथे मिठाच्या जागी धरतात.

मेनूकार्ड वाचण्याची एक वेगळीच भाषा आहे. 'कार्त' म्हणजे पदार्थांची पूर्ण यादी, 'मेनू' म्हणजे ठरलेल्या किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण, 'फॉर्म्यूल' म्हणजे त्याची दुपारची लहान आवृत्ती. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. दुपारी 'प्ला द्यू झूर' विचारावा. त्या दिवशी बाजारातून जे आलं ते त्यात असतं, आणि रात्री ज्याचे दुप्पट मोजावे लागतील ते दुपारी परवडतं. दारावर घराचं छप्पर ठेवलेल्या भांड्याचं चिन्ह म्हणजे 'फे मेझों', कच्च्या मालापासून इथेच केलेलं. नीसपुरतं 'क्युझिन निसार्द' हे गावानेच दिलेलं वेगळं बोधचिन्हही दारावर शोधावं.

सगळ्यांत महाग चूक माशाची होते. अख्ख्या माशाची किंमत शंभर ग्रॅमला लिहिलेली असते आणि तो 'शंभर ग्रॅम' बारीक अक्षरात असतो. नऊ युरो वाचून स्वस्त वाटतं. आठशे ग्रॅमचा मासा आला की तो बहात्तरचा होतो. चांगल्या ठिकाणी वेटर कच्चा मासा ताटात आणून दाखवतो. तेव्हाच वजन विचारावं आणि मनात गुणाकार करावा. यात कोणी अपमान मानत नाही. बुइयाबेस हा मार्सेचा माशांचा रस्सा इथेही मिळतो. तो मुळात दोन फेऱ्यांत वाढतात, आधी रस्सा आणि भाजलेले पाव, मग मासे. अनेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगावा लागतो आणि किमान दोघांसाठी करतात. स्वस्तात आणि दहा मिनिटांत आलेला बुइयाबेस हा माशाचं सूप समजून प्यावा.

पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. 'यून काराफ दो, सिल वू प्ले' म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं, जेवणासोबत पावही. सेवाशुल्क छापलेल्या किमतीतच असतं, तसा नियम आहे. खूश असलात तर एक-दोन युरोची नाणी ठेवावीत. हल्ली काही ठिकाणी कार्डाच्या यंत्रावर टिपचे टक्के येतात, तिथे शून्य दाबताना संकोच नको. बिल आपण मागेपर्यंत येत नाही. तो दुर्लक्षाचा प्रकार नसून शिष्टाचार आहे. वाइन मागवायची तर 'बेले' विचारावी. हे द्राक्षमळे नीसच्या हद्दीतच, शहरामागच्या टेकड्यांवर आहेत. 1941 पासून त्यांच्या वाइनला स्वतःच्या नावाचा कायदेशीर दर्जा आहे, आणि उत्पादन इतकं थोडं की गावाबाहेर ती क्वचितच दिसते.

एका जागेबद्दल सविस्तर सांगायला हवं. 'ला मेरेन्दा'. दोमिनिक ल स्तांक नावाच्या शेफने 1996 साली नेग्रेस्को हॉटेलमधलं दोन मिशलँ ताऱ्यांचं (म्हणजे मिशलँ या फ्रेंच मार्गदर्शिकेने गौरवलेलं) स्वयंपाकघर सोडलं आणि हे दोन डझन गिऱ्हाइकांचं खुराडं घेतलं. बसायला पाठ नसलेली स्टुलं, शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात, मेनू फळ्यावर खडूने लिहिलेला आणि तोच टेबलाटेबलावर फिरतो. फोन ठेवायचा नाही, कार्ड घ्यायचं नाही, शनिवार-रविवार बंद, ही तिथली ख्याती. जागा हवी तर सकाळी किंवा सेवा सुरू व्हायच्या तोंडावर स्वतः दारात जाऊन नाव सांगायचं आणि खिशात रोख ठेवायची. समुद्र दिसत नाही. खिडकीतून दिसते ती समोरची भिंत.

बाकीच्या गावांचं थोडक्यात. नीसहून किनाऱ्याची लोकल घेतली की कान, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतलं कान्स, अर्ध्या-पाऊण तासावर. मे महिन्यात चित्रपट महोत्सव असताना तिथे जेवायला जाऊ नये. एरवी क्रोआझेत या किनारी रस्त्याचा झगमगाट सोडून फोर्व्हिल बाजारात जावं, सोमवार सोडून सकाळी. मोनाकोत 'ल लुई केंझ'सारखं 1990 मध्ये पहिल्यांदा तीन तारे मिळवलेलं ठिकाण आहे, पण प्लास दार्मवरच्या ला काँदामिनच्या बाजारात चार्ड आणि चीज भरलेली तळलेली बार्बाजुआँ कागदात घेऊन उभ्याने खाता येते, आणि करंजी खाल्लेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मांतोंचं 'मिराझूर' 2019 मध्ये तीन ताऱ्यांवर पोचलं आणि त्याच वर्षी जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्तराँच्या यादीत पहिलं आलं. तिथे काही महिने आधी जागा धरावी लागते. न मिळाल्यास गावातली लिंबं विकत घ्यावीत. ती सालीसकट खातात.

सँ-त्रोपेला रेल्वे नाही आणि रस्ता एकच. उन्हाळ्यात तो रस्ता तासन् तास तुंबतो आणि आरक्षित टेबल हातचं जातं. गाडी सँत-माक्सीमला ठेवून होडीने जावं, पंधरा मिनिटांत पोचवते. पाम्पेलोनच्या किनाऱ्यावरची नावाजलेली ठिकाणं खुर्चीचे, छत्रीचे आणि शेजारी कोण बसलंय त्याचे पैसे घेतात. ज्यांना ते हवं आहे त्यांनी खुशाल द्यावेत. खाण्यासाठी मंगळवार-शनिवारचा प्लास दे लिसचा बाजार आहे, आणि तार्त त्रोपेझिएन आहे. पोलंडहून आलेल्या आलेक्सांद्र मिका या बेकरीवाल्याचा हा केक. 1950च्या दशकात चित्रीकरणाला आलेल्या ब्रिजित बार्दो या अभिनेत्रीने त्याला नाव सुचवलं. मोठ्या दाण्याची साखर लावलेला ब्रिऑश, म्हणजे मऊ लोणीदार पाव, आणि मध्ये क्रीम. सकाळी घ्यावा. दुपारच्या उन्हात ते क्रीम बसतं आणि ब्रिऑश ओला होतो.

राहता राहिला समुद्र. तो बघायला टेबल लागत नाही. प्रोमनादवर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, फुकट. संध्याकाळी साडेसातला, गावातली स्वयंपाकघरं नुकती पेटत असताना, बोळातून भरपूर तेल मुरलेला पाँ बान्या घ्यावा, त्यातल्याच एका खुर्चीत बसावं आणि कागद अर्धाच उघडावा. डोक्यावरचे समुद्रपक्षी या गावात फार धीट आहेत. मागून येतात.